नवं की आधीचं

“म्हणजे ते ओ. तामेस तुम्हीच?” शेजारच्या खुर्चीतल्या आल्बेर्ताने विचारलं आणि हातातली केकची बशी गुडघ्यावर टेकवली.

ओन्नोच्या बहिणीचा, एटाचा, साठावा वाढदिवस होता. बैठकीच्या खोलीत भिंतीला लावून गोल मांडलेल्या खुर्च्यांवर अठरा माणसं बसली होती. तिथल्या रीतीप्रमाणे येणाऱ्या प्रत्येकाने आधीच बसलेल्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं होतं. कॉफीचा पहिला कप संपून दुसरा चालू होता. आता उठायचं तर ओळीने सगळ्यांची पावलं ओलांडावी लागली असती, म्हणून कोणी उठत नव्हतं. एटाचा नवरा हारम याने नुकतंच अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, “आमच्या मेव्हण्यानं स्वतःची भाषा केलीय! बोलायची नव्हे हो, संगणकाची. फोंडर. हसू नका, चाळीस देशांत वापरतात!”

“हो, मीच तो,” ओन्नो म्हणाला. ग्रोनिंगनच्या विद्यापीठात एकतीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला असं कोणी कौतुकाने विचारायची सवय नव्हती. तो थोडा सावरून बसला, आणि हसलासुद्धा.

“पान एक्केचाळीस,” आल्बेर्ता म्हणाली.

“काय म्हणालात?”

“‘भाषा नियमाप्रमाणेच वागते आहे. पुस्तिका, पान एक्केचाळीस. आधी वाचावं, मग लिहावं.’ आमच्या घरात पाठ आहे ते. माझ्या नवऱ्याला लिहिलं होतंत तुम्ही. वुब्बोला.”

ओन्नोला काही आठवेना. आठवत नाही हे त्याच्या चेहऱ्यावर आलं, आणि ते तिने बरोबर टिपलं.

“नाही ना आठवत? नऊ वर्षं झाली. दुधाच्या प्रयोगशाळेत होता तो. कुठल्या शेताच्या दुधात औषध उतरलंय ते बघायचं, तेवढं शेत अडवायचं, बाकीचं जाऊ द्यायचं. त्या कामाचा प्रोग्रॅम त्यानं तुमच्या भाषेत लिहिला होता. एके सकाळी एक शेत अडवायचं तर दोनशे बारा शेतं अडली. टँकर उभे. दुपारपर्यंत दूध शेणखड्ड्यात ओतलं लोकांनी. आणि याला कळेना चुकलं कुठं. म्हणून त्यानं तुम्हाला विचारलं, त्या तुमच्या इंटरनेटवरच्या चर्चेत, सगळ्यांसमोर.”

“आणि मी—”

“तुम्ही एक ओळ लिहिलीत. ती साहेबांनी छापून फायलीला लावली. भाषा बनवणाराच म्हणतोय की चूक याची, मग पुढं काय राहिलं? दोन महिन्यांत घरी. बावीस वर्षांची नोकरी. शिव्या दिल्या असत्यात ना, तर तो चिडला तरी असता.”

हारम उठून म्हणाला, “अजून कॉफी कुणाला?” आणि एकदम चार जणांनी कप पुढे केले. ओन्नोच्या बशीत केकचा तुकडा तसाच होता. निघून जावं असं त्याला फार वाटलं. पण दार समोरच्या टोकाला होतं आणि मधे सगळ्यांचे पाय. पाऊण तास तो तिथे आल्बेर्ताच्या शेजारी बसून राहिला. ती त्यानंतर त्याच्याशी बोलली नाही. एकदा फक्त तिने साखरेचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ते जुनं उत्तर शोधून काढलं. शब्दन् शब्द तिने सांगितल्याप्रमाणे होता. वेळ दुपारी बारा वाजून तीन मिनिटं. म्हणजे तो जेवायला निघाला होता, आणि जाता जाता त्याने एक काम हातावेगळं केलं होतं. खाली आठ जणांनी हसरे चेहरे टाकले होते. वर वुब्बोचा प्रश्न होता, पंचवीस-तीस ओळींचा, साध्या माणसाने जपून लिहावा तसा. त्यात त्याने माफीही मागितली होती: ‘माझा प्रश्न बाळबोध असल्यास क्षमस्व.’

ओन्नोने तो प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाचला.

चूक काय होती ते त्याला पहिल्या पाच ओळींत कळलं, कारण ती चूक त्याला सोळा वर्षांपूर्वी सांगितली गेली होती.

फोंडर म्हणजे ओढ्यावर टाकलेली फळी. विद्यार्थ्यांना पलीकडे नेणारी सोपी भाषा, म्हणून हे नाव. या भाषेत यंत्राला नमुने दाखवता येतात: आलेली गोष्ट अशी दिसली तर हे कर, तशी दिसली तर ते कर. त्या नमुन्यात आपण एखादं नाव लिहिलं, तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, ‘हे नाव मी आधीच ठेवलंय, आलेली गोष्ट त्याच्याशी ताडून बघ.’ दुसरा, ‘जे काही येईल त्याला हे नाव दे.’ ओन्नोने ठरवून टाकलं होतं की नमुन्यातलं नाव नेहमी नवंच. आटोपशीर नियम. वुब्बोने मात्र ‘अडवलेलं शेत’ या नावात त्या सदोष शेताचा क्रमांक ठेवला होता आणि नमुन्यात तेच नाव लिहिलं होतं. त्याला वाटलं, यंत्र ताडून बघेल. यंत्राने ते नाव येईल त्या शेताला दिलं, आणि येईल ते शेत अडवलं. एका शब्दानेही कुरकुर न करता.

सोळा वर्षांपूर्वी, फोंडर वापरणाऱ्यांच्या दुसऱ्याच वार्षिक सभेत, यांतिना बाउस्मा नावाची त्याची सहकारी फळ्यासमोर उभी राहून म्हणाली होती, “दाराशी माणूस उभा केला आणि सांगितलं, फक्त बाउकेमाला आत सोड. आणि तो येईल त्याला म्हणतोय, आजपासून तू बाउकेमा, जा आत. असला पहारेकरी काय कामाचा?” तिचं म्हणणं साधं होतं. नवं नाव ठेवायचं असेल तर आधी ‘नवं’ असा शब्द लिहावा. नुसतं नाव दिसलं तर ते आधीचंच समजावं.

त्यावर ओन्नो म्हणाला होता, “म्हणजे गाईच्या गळ्यात बांधतात तशी प्रत्येक नावाच्या गळ्यात घंटा बांधायची तर!” सभा हसली होती. सूचना पडली. वर्षभराने यांतिना विद्यापीठ सोडून लेउवार्डनला शाळेत गणित शिकवायला गेली. ती का गेली हे ओन्नोने कधी विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात त्याने दुसरं काही केलं नाही. फोंडरमध्ये लिहिलेलं यंत्राला कळेल असं उतरवून देणाऱ्या अनुवादक प्रोग्रॅममध्ये त्याने एक तपासणी घातली. नमुन्यातलं नाव आधीही कुठे ठेवलेलं असेल तर यंत्राने सावध करावं, एवढीच. आणि करून बघायला म्हणून ती त्याने त्या अनुवादकाच्याच मजकुरावर चालवली. तोही फोंडरमध्येच, बराचसा ओन्नोनेच लिहिलेला होता. काही सापडणार नाही याची त्याला खात्री होती.

सतरा जागा सापडल्या.

त्यातल्या सहा इतरांच्या होत्या. अकरा त्याच्या. त्या अकरातली एक अशी, की तिच्यामुळे लांबलचक प्रोग्रॅममध्ये ‘तुमची चूक अमुक ओळीत आहे’ असं सांगताना यंत्र भलतीच ओळ सांगत होतं. बारा वर्षं. लोकांनी अधूनमधून तक्रारी केल्या होत्या. त्या तक्रारींना काय उत्तरं दिली होती ते बघायला ओन्नो गेला, आणि दोन उत्तरं वाचून त्याने पडदा बंद केला. खोलीत तो एकटाच होता, तरी त्याचे कान तापले.

मग त्याने जे केलं ते करताना त्याला लाज वाटत होती, हे त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण केलं खरं. त्याने अकराही जागा गुपचूप दुरुस्त केल्या आणि बदलाच्या नोंदीत लिहिलं: ‘किरकोळ सफाई.’

आणि एक नवी सूचना लिहायला घेतली, स्वतःच्या नावाने. यांतिनाचा शब्द त्यात नव्हता. त्याऐवजी त्याने एक चिन्ह काढलं होतं, गळासारखा वाकडा छोटासा आकडा. आधीच्या नावाशी ताडून बघायचं असेल तर नावापुढे हा आकडा लावायचा. बाकी सगळं जसंच्या तसं. दिसायला सुबक, आणि जुनं काही मोडत नव्हतं. शेवटी एक रकाना भरायचा होता: याच विषयावरच्या पूर्वीच्या सूचना. तिथे तो दोन दिवस अडला. तिसऱ्या दिवशी, शाळा सुटायची वेळ बघून, त्याने लेउवार्डनला फोन लावला.

“ओन्नो?” यांतिना म्हणाली. “कोण गेलं?”

“कोणी नाही गं. सहज. म्हणजे, ती तुझी जुनी सूचना होती ना, मी तसंच काहीसं मांडतोय पुन्हा. तुझं नाव पूर्वीच्या सूचनांत घालावं लागतं. नियम आहे.”

“नियम आहे म्हणून फोन केलास?”

“तसं नाही. मी तेव्हा जरा गंमत केली होती तुझी. ती घंटा वगैरे. तुला आठवतही नसेल.”

“घंटा आठवते की. आणि तू हंबरला होतास.”

“मी?”

“दोनदा. दुसऱ्या वेळी सगळी सभा हंबरली. मी खडू हातात घेऊन उभी. खाली बसू की बोलू तेच कळेना. तुझ्या लक्षात नाही?”

नव्हतं. घंटेचा विनोद सोळा वर्षं त्याने आवडीने सांगितला होता आणि हंबरणं मात्र कधीच गळून गेलं होतं. आता तिने सांगितल्यावर त्याला घशात तो आवाज जाणवला. तो खोटं बोलत नव्हता. पण विसरणं हेही आपल्याच सोयीने झालं होतं, हे त्याला समजलं.

“यांतिना, मी—”

“असू दे. वाच बघू काय लिहिलंयस.”

त्याने वाचून दाखवलं. ती वर्गात उत्तर तपासल्यासारखी ऐकत राहिली.

“आणि आकडा लावायला विसरला तर?”

“तर... आधीसारखंच होईल.”

“म्हणजे त्या दूधवाल्यासारखंच. अरे, जो विसरतो त्याच्यासाठीच तर हे करायचं होतं! ज्याला आठवतं त्याला तुझा आकडा कशाला हवा?”

“तुला वुब्बोचं माहीत आहे?”

“तुझं उत्तर वाचलं त्याच संध्याकाळी मी त्याला वेगळं पत्र लिहिलं होतं. चार पानं, चित्रं काढून. त्याने आभार मानले. पण फायलीला तुझी ओळ लागली, माझी पानं नाही. आणि माझा शब्द का काढलास? खरं सांग.”

ओन्नोने खिडकीबाहेर बघितलं. “तो तुझा होता म्हणून,” तो म्हणाला.

ती म्हणाली, “मला फोन करून काय उपयोग, ओन्नो? त्याच्याकडे जा. दोन्ही प्रकार लिहून ने आणि त्याला वाचायला दे. आणि मधे बोलू नकोस.”

वुब्बो आता विन्सुमच्या पलीकडे, कालव्यावरच्या हाताने फिरवायच्या पुलावर राखणदार होता. ओन्नो सायकलवर गेला. जूनची दुपार, वारा समोरून. पुलाच्या पलीकडच्या कडेला लाकडी चौकी आणि बाकडं. बाकड्यावर एक रुंद, टक्कल पडलेला माणूस पावाचा डबा उघडून बसला होता.

“वुब्बो? मी ओन्नो तामेस.”

“आल्बेर्ता म्हणाली, याल म्हणून.” त्याने डबा मिटला नाही. “मी म्हटलं, छे. बसा, प्रोफेसर.”

“मी प्रोफेसर नाही.”

“नाही? मग एवढी घाई कसली असायची तुम्हाला?”

ओन्नो बसला. रस्ताभर जुळवलेली वाक्यं त्याला आठवेनात. त्याने खिशातून दोन कागद काढून वुब्बोच्या हातात दिले. दोन्हींवर दुधाचाच प्रोग्रॅम होता, सहा-सहा ओळींचा. एकावर आकडा, दुसऱ्यावर यांतिनाचा शब्द.

वुब्बोने खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. पहिला कागद त्याने दोनदा वाचला.

“हे तर माझंच आहे. चुकलेलं.”

“नाही, तिथे नावापुढे आकडा आहे बघा.”

“हा?” वुब्बोने कागद उजेडात धरला. “मला वाटलं माशी बसून गेली.”

मधे बोलू नकोस, हे ओन्नोला उशिरा आठवलं. वुब्बोने दुसरा कागद घेतला. हा तो ओठ हलवत, बोट फिरवत वाचू लागला. “नमुना आला. शेत, अडवलेलं शेत. इथं काही लिहिलेलं नाही, म्हणजे हे आधीचंच, माझं. ताडून बघ, थांबव. पुढं. शेत, ‘नवं’ दुसरं. हे नवं, म्हणजे कुठलंही. जाऊ दे.” त्याने मान वर केली. “आणि ‘नवं’ लिहायला विसरलो तर?”

“तर यंत्र म्हणेल, हे नाव मला माहीत नाही. आणि पुढे जाणार नाही.”

“लिहितानाच?”

“लिहितानाच.”

“थांबलं असतं,” वुब्बो म्हणाला. तो कागदाकडे बघतच राहिला. “त्या सकाळी थांबलं असतं. चालूच झालं नसतं ते.” त्याच्या हातातला कागद वाऱ्याने फडफडू लागला तेव्हा त्याने तो घडी करून पावाच्या डब्याखाली ठेवला. “नऊ वर्षं मी समजत होतो, मला वाचता येत नाही.”

ओन्नो त्याच्याकडे वळला. “तुम्हाला वाचता येतं. मी माझ्या स्वतःच्या मजकुरात ही चूक शोधली. अकरा वेळा केली होती मी.”

“अकरा?”

“अकरा. एक तर बारा वर्षं तशीच.”

“मग? तुमच्या फायलीला काय लागलं?”

“काही नाही. मी ‘किरकोळ सफाई’ असं लिहून दाबून टाकलं. मागच्या महिन्यात.”

वुब्बो हसला, पण त्या हसण्यात ओन्नोला सामील करून घेतलं नव्हतं. त्याने पावाचा एक घास तोडला आणि सावकाश चावला.

“मी माफी मागायला आलोय,” ओन्नो म्हणाला. “ते उत्तर मी काढून टाकू शकतो. आज घरी गेलो की—”

“कशाला?”

“लोकांना दिसायला नको.”

“कुणाचं दिसायला नको? माझा प्रश्नही आहे तिथंच.” वुब्बोने चष्मा काढून खिशात ठेवला. “चांगला प्रश्न होता तो. तीन दिवस लिहीत होतो. राहू दे दोन्ही.”

“सूचनेत तुमचं नाव घालू? शब्द हवा, चिन्ह नको, हे तुम्ही दाखवलंत.”

“नको हो. माझं नाव बऱ्याच कागदांवर लागून झालंय. त्या बाईंचं घाला. त्यांनी चित्रं काढून पाठवली होती मला.”

पुढचं थोडक्यात सांगता येईल. ओन्नोने आपली सूचना मागे घेतली. त्या सप्टेंबरच्या सभेत यांतिनाची जुनी सूचना तिच्या नावाने पुन्हा मांडली गेली आणि दोन तासांच्या भांडणानंतर मंजूर झाली. ती मांडताना ओन्नोने अकरा जागा एकेक करून वाचून दाखवल्या, तारखांसकट, आणि त्या कोणाच्या ते सांगितलं. जुन्या इतिवृत्तात हंबरल्याची नोंद नव्हती. तेही त्याने सांगितलं. सभेत कोणी हसलं नाही. यांतिना आली नव्हती. त्या दिवशी तिच्या वर्गातल्या मुलांची परीक्षा होती.

पण त्या जूनच्या दुपारी यातलं काहीच झालेलं नव्हतं. कालव्यावर एका होडीने भोंगा वाजवला आणि वुब्बो उठला.

“थांबताय की जाताय?”

“जातो,” ओन्नो म्हणाला, आणि उभा राहिला. त्याला हात पुढे करायचा होता. पण वुब्बोचे दोन्ही हात तोवर लाल-पांढरा अडसर खाली ओढत होते. ओन्नोची परतीची वाट पुलापलीकडे होती आणि आता रस्ता बंद होता. तो सायकल धरून अडसरामागे उभा राहिला. त्याच्या पुढे बेकरीची गाडी आणि शाळेतून येणाऱ्या दोन मुली होत्या. वुब्बो पुलावर जाऊन मोठं लोखंडी चक्र फिरवू लागला. पूल करकरत काठापासून सुटला आणि वळून कालव्याच्या मधोमध पाण्याच्या दिशेने उभा राहिला. होडी सावकाश गेली. होडीवरच्या म्हाताऱ्याने टोपी उचलली, वुब्बोने मान हलवली. मग तो उलट्या दिशेने चक्र फिरवू लागला. काम जड असावं. मानेवर घाम दिसत होता. मदतीला जावं असं ओन्नोला वाटलं, पण मधे पाणी होतं.

पूल जागेवर बसला. वुब्बोने खिट्टी लावली, पायाने दाबून बघितली आणि अडसर वर केला. बेकरीच्या गाडीला त्याने मान हलवून जा म्हटलं. मुलींना म्हटलं. ओन्नोची सायकल जवळून गेली तेव्हा त्यालाही तेवढीच मान हलवली, आणि मागून येणाऱ्या ट्रॅक्टरकडे बघितलं.